लोखंडातला आवाज आणि हौसाचं लिव्हर

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे एक कलिंगड घेतलं. रहाटणीच्या चौकात, दुपारी चारच्या सुमाराला. मी गाडीवरचं एकेक कलिंगड उचलून कानाशी धरायचो आणि बोटाच्या गाठीनं ठोकायचो. गाडीवाला वैतागला.

"काका, कलिंगड हाय ते, दार न्हाई. आतनं कोण उघडणार न्हाई."

हौसा, म्हणजे माझी बायको, पिशवी धरून शेजारी उभी होती. म्हणाली, "ठोकू दे रं त्यांना. सारा जन्म लोखंड तपासण्यात गेलाय. कलिंगडाला काय सोडत्यात."

सहावं घेतलं. घरी येऊन कापलं तर लालभडक निघालं. हौसानं चार फोडी खाल्ल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला तिची सोनोग्राफी होती, दर सहा महिन्यांची, आणि त्याला उपाशी पोटी जावं लागतं. "आत्ताच खाऊन घेते, सकाळी पाणीबी न्हाई" म्हणाली. उरलेलं अर्धं ताटलीनं झाकून फ्रिजमध्ये ठेवलं. मग खुर्चीत बसली आणि छातीत भरल्यासारखं होतंय म्हणाली. मी पाणी आणेपर्यंत गेली. खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरांनी येऊन बघितलं आणि हृदय बंद पडलं म्हणून सांगितलं.

हे या चैत्रातलं. सोसायटीच्या दिवाळी अंकाची मंडळी गणपती झाल्यावर आली आणि म्हणाली, कामाचे अनुभव लिहा. मी सातवी पास. मुलगी मनीषा म्हणाली, तुम्ही लिहा, शुद्धलेखन मी बघते. तर ऱ्हस्वदीर्घ तिचं आहे, बाकी सगळं माझं.

माझं काम काय होतं ते आधी सांगतो, कारण आमच्या मजल्यावरच्या लोकांनासुद्धा अजून वाटतं की मी वेल्डर होतो. महाळुंग्याला एका फोर्जिंग कंपनीत मी होतो. लोखंड लाल करून हॅमरखाली ठोकायचं आणि त्याचे गाड्यांचे एक्सल करायचे, ते काम दुसरे करायचे. एक्सल गार झाला की माझ्याकडे यायचा. तो वरून गुळगुळीत दिसतो, पण आत कुठं चीर आहे का, पोकळी आहे का, हे डोळ्याला कळत नाही. म्हणून आवाजानं बघायचं. माणसाच्या कानाला ऐकू येत नाही असा आवाज असतो. काडेपेटीएवढं एक यंत्र असतं, त्याला प्रोब म्हणतात. एक्सलवर तेल लावायचं आणि प्रोब टेकवायचा. आवाज आत जातो, पलीकडच्या टोकाला आपटतो आणि परत येतो. मशीनच्या पडद्यावर एक आडवी रेघ असते. आवाज आत शिरला की रेघेवर एक खांब उभा राहतो. पलीकडून परत आला की दुसरा खांब. मधली रेघ सपाट असली तर माल चांगला. मध्येच तिसरा खांब उठला तर आवाज वाटेत कशाला तरी आपटला, म्हणजे आत दोष आहे. एवढंच आहे. मला हे शिकायला चार महिने लागले आणि येतंय असं वाटायला आठ वर्षं.

तेल कशाला, तर प्रोब आणि लोखंडाच्या मध्ये केसाएवढी हवा राहिली तरी आवाज आत जातच नाही. एकदा कॉलेजातून नवीन आलेल्या साहेबानं तेल न लावता पूर्ण ट्रॉली तपासली. म्हणाला, "राव, एक पण डिफेक्ट नाही." मी म्हटलं, साहेब, पलीकडचा खांब दिसला का? तो म्हणाला, नाही, पण मधे पण काही नाही. मी म्हटलं, मग तुम्ही एक्सल बघितलाच नाही, हवा बघितली. पलीकडचा खांब दिसल्याशिवाय पास म्हणायचं नाही, हा आमचा पहिला धडा. साहेब भला माणूस होता. पूर्ण ट्रॉली परत तपासली, ती पण स्वतःच्या हातानं.

दुसरी एक गोष्ट डिस्पॅचच्या सुपरवायझरची. ट्रक दारात उभा आणि मी एका एक्सलला लाल रंग मारला. लाल म्हणजे रिजेक्ट. हा माणूस माझ्यावर इतका ओरडला की हॅमरचा आवाज कमी पडला. "तुला काय एक्स-रे दिसतो का? सातवी नापास." मी म्हटलं, सातवी पास. आणि एक्सल कापा. चीर निघाली नाही तर उद्यापासून मी येत नाही. कापला. मी खडूनं जिथं खूण केली होती त्याच्या बोटभर आत नखाएवढी चीर होती. त्या दिवसापासून सुपरवायझर मला "मास्तर" म्हणायला लागला.

लोखंडाचं हे बरं असतं. वाद झाला तर कापून बघता येतं.

या कामात मला एकच गोष्ट खुपायची. हिरवा रंग मारून मी हजारो एक्सल सोडले. ते कुठं गेले, कोणत्या घाटात चढले, किती वर्षं चालले, हे मला कोणी येऊन सांगितलं नाही. रिजेक्ट केलेल्याबद्दल दहा जण विचारायला यायचे. पास केलेल्याबद्दल एक नाही. घरी एकदा बोललो तर हौसा म्हणाली, "मी इतक्या वर्सांत किती लोकान्ला डबे दिले. जेवण चांगलं झालं म्हून सांगायला कोण आलं? मीठ जास्ती झालं की येत्यात." ती चाकणच्या कंपन्यांतल्या एकट्या राहणाऱ्या लोकांना डबे करून द्यायची.

मी रिटायर झालो आणि तीन वर्षांनी हौसाच्या लिव्हरमध्ये गाठ निघाली. उजव्या बाजूला. सर्जन म्हणाले, निम्म्यापेक्षा जास्त लिव्हर काढावं लागेल. मी विचारलं, मग उरलेल्यावर भागणार कसं? ते म्हणाले, काका, लिव्हर परत वाढतं. मला आधी वाटलं मला गप्प करायला सांगताहेत. आमच्याकडे कापलेला जॉब, म्हणजे कामाचा लोखंडी तुकडा, वाढलेला मी बघितलेला नाही.

ऑपरेशन आठ तास चाललं. दुसऱ्या दिवशी सकाळी आयसीयूत चाकांवरचं मशीन ढकलत सोनोग्राफीच्या मॅडम आल्या. बुटक्या, चष्मा डोक्यावर सरकवलेला, बाह्या कोपरापर्यंत मुडपलेल्या. त्यांच्या हातात प्रोब होता. मी लगेच ओळखला. आकार वेगळा, पण धंदा तोच. त्यांनी बाटलीतून जेल हौसाच्या पोटावर सोडलं आणि ती एवढी आजारी बाई ओरडली.

"आई गं, बर्फ लावला का काय? आदी सांगावं तरी माणसाला."

मॅडम थांबल्या. "चुकलं मावशी. उद्या कोमट करून आणते."

मला वाटलं, बोलायचं म्हणून बोलल्या. दुसऱ्या दिवशी त्या खरंच बाटली स्टीलच्या वाडग्यात गरम पाण्यात ठेवून घेऊन आल्या. त्यानंतर दर वेळी. मी सगळी नोकरी लोखंडाला गार तेल लावलं, लोखंडानं कधी तक्रार केली नाही.

मला आत पाच मिनिटं उभं राहू देत. मी पडदा कमी आणि मॅडमचा हात जास्त बघायचो. एकच जागा त्या दोन बाजूंनी बघायच्या. सरळ बघून झालं की मनगट वळवून तिरकं. बरगडी आड आली की दोन बरगड्यांच्या फटीतून. "श्वास घ्या, धरा, सोडा." लिव्हरला रक्त आणणाऱ्या दोन नळ्या असतात, रक्त बाहेर नेणाऱ्या वेगळ्या. त्या सगळ्या उघड्या आहेत का, हे बघणं पहिल्या दिवसांत सगळ्यात महत्त्वाचं, कारण उरलेल्या तुकड्याचं जगणं त्यावर. नळीत रक्त धावत असलं की पडद्यावर लाल-निळा रंग येतो. मॅडमनी आवाजाचं बटण फिरवलं. हुश्श, हुश्श, हुश्श असा आवाज आला.

हौसानं डोळे उघडले. "कुणाची मोटर चालू झाली वो?"

"तुमचीच आहे मावशी. चालू राहू दे."

तिसऱ्या दिवशी रक्त आणणाऱ्या दोन नळ्यांतली बारीक नळी काही केल्या सापडेना. बरोबरचे तरुण डॉक्टर म्हणाले, "मॅडम, गॅसमुळे दिसत नाही असं लिहू का?" मॅडम म्हणाल्या, "मी अजून बघितलेलं नाही, काय लिहिणार?" हौसाला हळूच डाव्या कुशीवर वळवलं. या फटीतून बघितलं, त्या फटीतून बघितलं. वीस मिनिटं गेली. मॅडमच्या कपाळावर घाम आला. आणि मग एकदम बारीक, खणखणीत हुश्श. माझी पाच मिनिटं कधीच संपली होती, पण मला बाहेर काढायचं कोणाला सुचलं नाही, मी कोपऱ्यात उभा होतो. मनात म्हटलं, हिला पलीकडचा खांब दिसल्याशिवाय पास म्हणता येत नाही. शिकलेली माणसं मी पुष्कळ बघितली आहेत. ही काम केलेली होती.

एवढं सगळं कळूनही मी पाचव्या दिवशी काय केलं ते लिहितो. मनीषा म्हणाली होती, बाबा, हे नका लिहू. पण तेवढं गाळून बाकीचं लिहिण्यात अर्थ नाही.

पाचव्या दिवशी हौसा वॉर्डात आली होती. मॅडम आल्या, तपासलं. त्या दिवशी मी पडद्याकडे बघितलं. सगळं लिव्हर करड्या ठिपक्यांनी भरलेलं दिसत होतं. आमच्या मशीनवर लोखंडाचा दाणा जाड असला की रेघेवर असं बारीक बारीक उठतं. आम्ही त्याला गवत म्हणायचो आणि ते आम्हाला आवडायचं नाही. आणि जिथं कापलं होतं तिथं लिंबाएवढी जागा काळी दिसत होती. स्वच्छ काळी. एक ठिपका नाही. कुठून काही परत येत नाही, म्हणजे दोष नाही. मला इतका आनंद झाला. मॅडम सिस्टरशी इंग्रजीत काहीतरी बोलल्या आणि घाईनं पुढच्या पेशंटकडे गेल्या.

हौसानं विचारलं, "काय दिसलं वो?"

मी म्हणालो, "कोरं आहे. जिथं कापलंय तिथं तर एकदम कोरं. मी डोळ्यानं बघितलं."

माझा तिच्यापुढे याच बाबतीत मान होता. घरात दुसऱ्या कशात तिनं माझं ऐकलं नाही, पण तपासणीत मी बोललो की ते पक्कं.

दुपारी तिला थंडी वाजली. उजवा खांदा ठणकायला लागला. सिस्टर येऊन विचारून गेली, "आजी, थंडी वाजते का? खांदा दुखतो का?" हौसा न्हाई म्हणाली. दुखण्याच्या गोळीनं ताप उतरलेला होता, तो मोजूनही कळला नाही. मी म्हटलं, अगं, कुडकुडतेस ना? म्हणाली, "तुमीच म्हनला ना कोरं हाय. मंग हे पडून पडून दुखतंय. उगं सांगितलं तर आनखी चार दिस ठिवत्याल." आणि चादर ओढून घेतली. मीही गप्प बसलो. मला माझ्या डोळ्यांवर भरवसा होता.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी प्रोब टेकवला आणि त्यांचा हात तिथंच थांबला. काळी जागा संत्र्यापेक्षा मोठी झाली होती.

"मावशी, काल थंडी वाजली होती का?"

हौसानं माझ्याकडे बघितलं. "वाजली थोडी. पर हे म्हनले आत कोरं हाय. म्हून म्या कुनाला बोलले न्हाई."

मॅडमनी मान वळवली. "काका, तुम्हाला कोणी सांगितलं?"

मी सांगितलं. महाळुंगे, एक्सल, खांब, सपाट रेघ, सगळं. मला वाटलं आता ओरडतील, आणि ओरडायलाच हवं होतं. कंपनीत असा जॉब मी सोडला असता तर मी स्वतःला घरी पाठवलं असतं.

त्या ओरडल्या नाहीत. प्रोब न उचलता मला जवळ बोलावलं. म्हणाल्या, "इकडे बघा. लोखंडातून मधेच आवाज परत आला तर दोष, बरोबर? लिव्हर लोखंड नाही. त्यातून सगळीकडून थोडा थोडा आवाज परत यायलाच हवा. हे करडं दिसतंय ना, ते चांगलं आहे. जिथून काहीच परत येत नाही तिथं पाणी आहे. कापलेल्या जागेतून पित्त झिरपतंय आणि साठतंय. काल थोडं होतं, म्हणून मी सिस्टरना लक्ष ठेवायला सांगितलं होतं. ते तुम्हालाही मराठीत सांगायला हवं होतं मी."

ही शेवटची ओळ त्यांनी बोलायची गरज नव्हती. चूक माझी होती.

मग म्हणाल्या, "पुढच्या वेळी काही दिसलं तर आधी मला सांगा, मग मावशींना. तुमचे डोळे चांगले आहेत. रीत इथली नाही, एवढंच."

पित्त काढायला तिथंच सुई घालायची ठरली. मॅडमनी मला बाहेर काढलं नाही. हात धुवायला लावले, तोंडाला मास्क दिला, म्हणाल्या, "डोक्याशी उभे राहा, मावशींचा हात धरा. पडद्याकडे बघू नका." मी बघितलं. एका हातात प्रोब, दुसऱ्या हातात वीतभर सुई. सुई आत शिरली तशी पडद्यावर एक पांढरी रेघ पुढं पुढं सरकायला लागली. नळ्यांना चुकवत, कापाकाप न करता, थेट त्या काळ्या जागेत. मग त्या वाटेनं बारीक नळी बसवली. पिशवीत हिरवट पिवळं पाणी यायला लागलं आणि पडद्यावरची काळी जागा आमच्या डोळ्यांदेखत आकसत गेली.

मी जन्मभर दोष दाखवला. लाल रंग मारला आणि बाजूला ठेवला. दोष बघता बघता काढणारं माणूस मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. आणि आतला माल जिवंत होता, माझा होता.

हौसानं डोळे मिटूनच विचारलं, "झालं का?"

मॅडम म्हणाल्या, "झालं."

"ह्यांना इचारू नका. ते कोरंच म्हन्त्याल."

मॅडम हसल्या. मीही हसलो असेन, मास्कमुळे कोणाला कळलं नाही.

बारा दिवसांनी घरी आलो. पुढं दर खेपेला मॅडम पडद्यावर लिव्हरची लांबी मोजायच्या आणि आता मला मराठीत सांगायच्या. तीन महिन्यांत ते खरंच वाढलं. आकार जरा वेडावाकडा, डावीकडे फुगलेला, पण वाढलं. मला अजून कधी कधी खरं वाटत नाही. आणि घरात तो शब्द कायमचा राहिला. मी म्हटलं दूध तापलं नाही अजून, की हौसा म्हणायची, "कोरंच दिसलं असंल तुमाला." रिक्षावाल्याला सुटे दिले म्हटलं की, "बघू, तुमचं कोरं." दोन वर्षं आणि वर काही महिने मी हे ऐकलं. ती एक दिवस मुकाट्यानं कुडकुडत पडली होती माझ्यामुळे, ते दोघांनाही आठवत होतं. ती चेष्टा करून आठवायची. मी गप्प बसून.

मग ते कलिंगड. त्याच संध्याकाळी सगळं आटोपलं. मनीषा, जावई, गावाकडची माणसं घरात जमली.

सकाळी मला जाग आली तेव्हा साडेसहा झाले होते. घरात सगळे खाली अंथरुणं टाकून पडलेले. हौसाची फाइल आदल्या दिवशीच तिनं काढून टीव्हीजवळ ठेवली होती. मी आंघोळ केली, शर्ट घातला, फाइल घेतली. मनीषाची सासू म्हणाली, "सुतकात कुठं निघालात? तिसरा दिवस तरी होऊ द्या." मी म्हटलं, दहाची अपॉइंटमेंट आहे. त्यांना वाटलं माझं डोकं फिरलं. मनीषानं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "जाऊ द्या त्यांना."

रिक्षानं गेलो. बाहेरच्या बाकावर पोटाला हात लावून उपाशी बसलेली माणसं होती. मी नंबर लावला आणि बसलो. हौसाचं नाव पुकारलं तेव्हा मी उठून आत गेलो.

मॅडमनी माझ्या मागे दाराकडे बघितलं. "मावशी कुठं आहेत?"

मी सांगितलं. काल संध्याकाळी, हृदय बंद पडून. मग म्हणालो, "लिव्हर नव्हतं, मॅडम. लिव्हर शेवटपर्यंत चाललं. कालसुद्धा चार फोडी कलिंगड आवडीनं खाल्लं. तुमच्या कामात काही राहिलं नव्हतं."

मॅडम स्टुलावर बसल्या. चष्मा डोक्यावरून काढून हातात घेतला. म्हणाल्या, "काका, आज कशाला आलात? फोन केला असता तरी चाललं असतं."

मी म्हटलं, "मी पास केलेले एक्सल किती चालले ते मला कोणी कधी सांगितलं नाही. म्हणून आलो."

मशीनच्या शेजारी टेबलावर स्टीलचा वाडगा होता, त्यात गरम पाणी, आणि पाण्यात जेलची बाटली उभी. मी बाटलीला हात लावून बघितला. बरोबर तापली होती.

मी म्हटलं, "बाहेर एक बाई बसली आहे, तिला आत घ्या. नाहीतर हे गार होईल."